शंभर टक्के परतफेड



हा अंक तुमच्या हाती तीन आठवडे उशिरा पडतो आहे. दोष छापखान्याचा नाही आणि टपालखात्याचाही नाही. मलपृष्ठावर काय छापायचे यावर आमचे आपसात जमत नव्हते.

झाले असे. दिवाळीनंतर आमच्या जालन्याच्या कार्यालयात एका कर्ज देणाऱ्या कंपनीचे पत्र आले. कंपनीचे नाव इथे देत नाही. तिच्यासारख्या बऱ्याच आहेत आणि प्रश्न एकीचा नाही. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या तीस गावांत आपल्या संघटनेने बायकांसाठी ‘आर्थिक साक्षरता’ शिबिरे घ्यावीत, खर्च कंपनी करील, शिवाय चार अंकांच्या मलपृष्ठांवर रंगीत जाहिरात देईल, असा प्रस्ताव होता. हिशोब मांडला तेव्हा दोन वर्षांच्या छपाईचा खर्च निघत होता. कार्यालयाचे भाडे पाच महिने थकलेले आहे हेही सांगून ठेवते, म्हणजे आमची चर्चा कोणत्या परिस्थितीत चालली होती ते तुम्हाला कळेल.

जाहिरातीचा नमुना पत्रासोबत होता. इस्त्रीची सुती साडी नेसलेली एक बाई शिलाई मशीनपुढे बसून हसते आहे, मागे दप्तर घेतलेली मुलगी उभी आहे, आणि खाली मजकूर असा की, ती स्वतःच्या पायावर उभी आहे म्हणून तिचे घर उभे आहे. आमच्यातली एकजण म्हणाली, “यात खटकण्यासारखे काय आहे? इतकी वर्षे आपणच हे म्हणत आलो ना?” तिचे खरे होते. स्वावलंबन, सक्षमीकरण, स्वतःच्या पायावर उभी राहणारी बाई, हे सगळे शब्द आपल्याच शिबिरांतून तिकडे गेले आहेत. माझा जाहिरातीला विरोध होता, पण त्या दिवशी मला तो नीट मांडता आला नाही. तेव्हा राहून गेलेले बोलणे आज इथे लिहिते आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करायला हवी. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन परत आले तेव्हा मला पहिली नोकरी मिळाली ती बचत गट बांधण्याची. परतूर तालुक्यातली अठरा गावे माझ्याकडे होती. २०१२-१३ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. मोसंबीच्या बागा वाळून त्यांचे सरपण झाले होते, गावात मजुरी नव्हती. अशा वेळी मी वह्या, पेटी आणि शिक्के घेऊन बायकांना महिना शंभर रुपये बचत करायला शिकवत होते. काम वाईट नव्हते. सावकाराकडून महिना पाच टक्क्यांनी घेतलेले पैसे फेडून बायका गटाकडून दोन टक्क्यांनी घेऊ लागल्या. बँकेची पायरी चढू लागल्या. ग्रामसभेत उठून स्वतःचे नाव सांगू लागल्या. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते खोडून काढायला बसलेली नाही.

पण आमच्या वरिष्ठांना दर महिन्याला एकच आकडा हवा असे: परतफेड किती टक्के? शंभर टक्के असेल तर तो ‘आदर्श गट’. एका मार्चअखेरीला अशा एका गटाचा आम्ही तालुक्याच्या ठिकाणी सत्कार केला. अध्यक्षबाईंना मी स्वतः शाल-नारळ दिला, ओटी भरली. ओटी भरताना माझे लक्ष त्यांच्या गळ्याकडे गेले. पोतीत नुसते काळे मणी होते, सोने नव्हते. गटातल्या एका बाईचा नवरा आजारी पडून तिचे चार हप्ते राहिले होते, आणि टक्केवारी मोडू नये म्हणून अध्यक्षबाईंनी स्वतःचे सोने गहाण टाकून ते भरले होते. मी विचारले तर हसून म्हणाल्या, “ताई, गटाची लाज राखावी लागती.” ते वाक्य मी माझ्या अहवालात लिहिले. एकजुटीचे उदाहरण म्हणून.

ही ‘लाज’ कुठून कुठे गेली ते पाहायचे असेल तर आज अंबड तालुक्यातल्या कोणत्याही मोठ्या गावात सकाळी सात वाजता जाऊन उभे राहावे. मोटारसायकली येतात. बायका त्यांना ‘फायनान्सवाले’ म्हणतात. देवळाच्या ओट्यावर किंवा कुणाच्या अंगणात दहा-पंधरा बायका बसलेल्या असतात, समोर कार्डांची चळत. पैसे मोजले जातात, मशीनमध्ये नोंद होते, गाडी पुढच्या गावाला. हे आपले बचत गट नव्हेत. इथे बचत नाही, स्वतःची पेटी नाही, बायकांनी ठरवलेला व्याजदर नाही. आहे ते फक्त कर्ज आणि ते एकमेकींनी फेडून घेण्याची जबाबदारी. गाव मात्र दोन्हींना ‘गट’च म्हणते, आणि कंपन्यांना हा गोंधळ सोयीचा आहे. जिथे आम्ही गट बांधले तिथे आधी कर्ज पोचले. बैठकीला वेळेवर येणे, सही करणे, हप्ता न चुकवणे, ही सवय आम्ही लावून ठेवलेली होती. नांगरट आमची, पेरणी त्यांची.

या शिबिरांच्या प्रस्तावावर बोलणे चालू असतानाच एक बाई कार्यालयात आली. वय चाळिशीच्या आसपास. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने पाच कार्डे काढून टेबलावर ठेवली. चार कंपन्यांची, एक बचत गटाचे. कर्जाची बेरीज १,६५,००० रुपये आणि दर महिन्याचे हप्ते ९,७५० रुपये. चारही कंपन्यांच्या कागदांवर कर्जाचे कारण लिहिले होते ‘शिलाई व्यवसाय’. मी म्हटले, “तुम्ही शिवणकाम करता?” ती म्हणाली, “मला बटनसुद्धा लावता येत न्हाई नीट. साहेबानंच लिवलं तसं.” पहिले कर्ज नवऱ्याने बोअर घ्यायला काढले होते, पाणी लागले नाही. दुसरे मुलीच्या लग्नाचे. तिसरे सासूच्या दवाखान्याचे. चौथे पहिल्याचे हप्ते भरायला. म्हणजे जाहिरातीतली ती शिलाई मशीनवाली बाई खरोखरच अस्तित्वात आहे, चार कंपन्यांच्या कागदांवर.

नियम नाहीत असे नाही. रिझर्व्ह बँकेची चौकट १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारणाशिवाय दिलेले कर्ज ते सूक्ष्मकर्ज, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, असे ती सांगते. त्याच वेळी या संस्थांच्या व्याजावर असलेली मर्यादा मात्र काढून टाकली गेली. आमच्या भागात चोवीस-पंचवीस टक्के व्याज सर्रास लागते, आणि विमा व इतर शुल्क आधीच कापून पैसे हातात येतात. उत्पन्नाचा आकडा कोण लिहितो? ज्याने शिलाई व्यवसाय लिहिला, तोच. तो तरी कोण? शेजारच्या जिल्ह्यातला तेवीस-चोवीस वर्षांचा पदवीधर मुलगा, वसुलीचे ठरलेले लक्ष्य डोक्यावर घेऊन फिरणारा. एकाशी बोलताना कळले की, त्याची आई त्याच्या गावात दोन गटांत आहे.

तारण नाही असे कागद म्हणतो, पण तारण आहे. हप्ता चुकला की कंपनी कोर्टात जात नाही. गटातल्या बाकीच्या बायका त्या बाईच्या दारात जाऊन बसतात, कारण तिचे पैसे आल्याशिवाय त्यांना उठता येत नाही. चुली थंड पडलेल्या असतात, शेतावर जायची वेळ टळून जाते आणि शेजारणींचे आवाज चढतात. तुझ्या पोरीला कोण करून घेईल, इथपर्यंत बोलणे येते. सगळी गल्ली पाहते. त्या बाईची अब्रू हेच तारण. आपण ज्याला भगिनीभाव म्हणत होतो, त्याचा उपयोग इथे वसुलीसाठी होतो.

मग कर्ज बायकांनाच का? बायका हुशारीने पैसा वापरतात, मुलांवर खर्च करतात, म्हणून. असे आपल्याला शिबिरांत सांगितले गेले आणि आपण ते मान उंचावून पुढे सांगितले. त्यात तथ्यही आहे. पण देणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर कारण साधे आहे. बाई घर सोडून जात नाही. बाई सकाळी सात वाजता हमखास सापडते. बाईला चारचौघांत बोललेले लागते. पुरुष हप्ता चुकवून तीन दिवस पुण्याला निघून जातो, मित्राकडे राहतो, आणि गाव त्याला फार तर ‘उनाड’ म्हणते. हे ओळखूनच कर्जाचा अर्ज तयार झालेला असतो. आमच्या भागात परित्यक्ता किंवा एकट्या बाईला गटात घ्यायला कंपन्या नाखूष असतात. नवऱ्याचा फोटो लागतो, त्याचे आधार कार्ड लागते, राहते घर दाखवावे लागते. म्हणजे जी खरोखरच स्वतःच्या पायावर उभी आहे, तिलाच कर्ज नाही. ‘सक्षम’ बाईची त्यांची व्याख्या तपासली तर ती निघते लग्न झालेली, घरात राहणारी, लाजणारी, सोसणारी आणि वेळेवर पैसे भरणारी. शेवटचे एक वगळले तर बाकीची यादी आपल्या आजेसासूलाही मान्य झाली असती.

मला वाटते, मुद्दा इथेच आहे. बाजार आला की जुन्या रूढी आपोआप सैल होतील, पैसा हातात आला की बाई मोकळी होईल, असे नव्वदच्या दशकात अनेकांना मनापासून वाटत होते. आमच्या जिल्ह्यात दिसते ते वेगळे. बाजाराने जुनी सोशिक बाई मोडली नाही. तिला तशीच ठेवून तिच्यावर व्याज लावले.

नवउदारवाद हा शब्द गावबैठकीत काढला की बायका पदर तोंडाला लावून हसतात, आणि तो शब्द आहेही तसाच. आपल्या आधीच्या ताई त्याला ‘खाउजा’ म्हणत: खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, २४ जुलैला मनमोहन सिंगांनी तो अर्थसंकल्प मांडला. १९९७ मध्ये रेशन दारिद्र्यरेषेच्या वरच्यांचे आणि खालच्यांचे असे वाटले गेले. नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला तो १९९२ मध्ये, म्हणजे त्याच सुमारास. एकीकडे सरकारचा हात आखडत होता आणि दुसरीकडे बाईला स्वतःचे स्वतः पाहायला शिकवले जात होते. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या खात्यांत टाकत राहिलो.

ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८७ च्या एका मुलाखतीत म्हटले होते की समाज अशी काही वस्तू नसते. असतात त्या व्यक्ती, पुरुष आणि बायका, आणि कुटुंबे. या विधानावर जगभर खूप लिहिले गेले, पण त्यातल्या ‘कुटुंबे’ या शब्दावर आपण थांबायला हवे. दवाखाना बंद झाला तर आजाऱ्याची शुश्रूषा कुटुंबाने करायची. पाणी आले नाही तर कुटुंबाने आणायचे. आणि कुटुंबात ही कामे कुणाच्या वाट्याला येतात ते जालन्यात काय आणि लंडनमध्ये काय, सांगावे लागत नाही. म्हणून या धोरणाला बाई मोकळी झालेली परवडणारी नव्हती. ती कमावतीही हवी होती आणि घरालाही बांधलेली हवी होती. पुढे २००६ मध्ये जागतिक बँकेने स्त्री-पुरुष समतेची कृती-योजना आणली, तेव्हा समता म्हणजे शहाणपणाचे अर्थकारण, असेच तिचे ब्रीद होते. समता हवी, कारण ती किफायतशीर आहे. उद्या किफायतशीर ठरली नाही तर?

आपल्याकडे याच्या आधी दुसरे एक उत्तर देऊन झालेले आहे, हे तरुण कार्यकर्त्यांना माहीत नसते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बाया खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला गेल्या. घरची अब्रू म्हणून कधी मजुरीला न गेलेल्या घरांतल्याही गेल्या. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसायकरातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे, आणि मागितले की द्यायचेच. कामावर पाळणाघर असावे, बाईलाही त्याच दराने मजुरी मिळावी, यासाठी आपल्या संघटनांनी मोर्चे काढले. त्या कामांवर सुकडी खाल्लेली एक आजी मला भोकरदन तालुक्यात भेटली. ती म्हणाली, “तवा सरकार काम द्यायचं. आता लोन देतंय.” काम मागणारी बाई तहसीलदारापुढे भांडत होती. कर्ज घेतलेली बाई शेजारणीशी भांडते.

बाजार घरात घडवलेली बाई वापरतो म्हटले, ते कर्जापुरते खरे नाही. जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना आणि शेजारचा देऊळगाव राजा या पट्ट्यात शेडनेटखाली मिरची-टोमॅटोचे संकरित बियाणे तयार होते. कळी उमलायच्या आत चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढायचे, मग दुसऱ्या जातीच्या फुलाचे पराग लावायचे, एकेका कळीला, शेकडो वेळा. हे काम बहुतेक ठिकाणी बायका आणि मुली करतात. का, म्हणून विचारले तर शेतमालक म्हणतो, बायांची बोटं नाजूक असतात. डायान एल्सन आणि रूथ पिअरसन या दोघी अभ्यासकांनी निर्यात-कारखान्यांतल्या कामगार मुलींवरचा लेख १९८१ मध्ये लिहिला, तो याच नाजूक बोटांवर. त्यांचे म्हणणे असे की, हे कसब जन्मजात नाही. घरात लहानपणापासून शिवण-टिपण करून ते मुलीच्या हातात येते. घराने फुकट शिकवले, म्हणून कारखान्याने त्याची किंमत धरली नाही. आमच्या शेडनेटमध्ये त्याच कारणाने मजुरी ‘हलक्या कामा’ची.

आणि ऊसतोड. आमच्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, हिशोब मुकादमाच्या वहीत. जोडी असेल तर उचल जास्त, म्हणून मुलाचे लग्न लवकर उरकायचे. बालविवाहाबद्दल आपण गावात प्रबोधनाची पथनाट्ये करतो, आणि त्या लग्नाला उचल देणारी साखळी तशीच राहते. पाळी आली, पोट दुखले म्हणून बसले तर खाडा, आणि खाड्याचा दंड. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. विधिमंडळात चर्चा झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. आता या साखळीत नवी कडी आली आहे. फायनान्सचे हप्ते थकले की उचल घेऊन ते भरायचे आणि सहा महिने उसात जायचे. गेल्या हंगामात एका गावातून अशी एक जोडी रात्रीतून निघून गेली. सकाळी त्यांच्या दारात बसायला आलेल्या बायकांना कुलूप दिसले. उसाच्या फडात बाई निम्मा कोयता असते. कर्जाच्या कागदावर मात्र ती एकटी आणि पुरी असते.

हे फक्त आपल्याकडचे नव्हे, म्हणून दोन शब्द. ग्रामीण बँकेचे आणि मुहम्मद युनूस यांचे २००६ मध्ये नोबेल मिळाले तेव्हा केवढे कौतुक झाले होते. लामिया करीम या मूळच्या बांगलादेशी अभ्यासिकेने तिथल्या कर्जबाजारी बायकांवर लिहिलेले पुस्तक २०११ मध्ये आले. लाजेवर चालणारे अर्थकारण, अशी तिची मांडणी आहे. ती वाचताना मला परतूरच्या अध्यक्षबाई आठवत होत्या. आंध्र प्रदेशात कर्जदारांच्या आत्महत्यांनंतर ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. आणि श्रीलंकेत पोलोन्नरुवा जिल्ह्यातल्या हिंगुरक्गोडा इथे २०२१ मध्ये कर्जबाजारी बायकांनी रस्त्याकडेला मांडव टाकून सत्याग्रह केला. त्यांनी त्याला सत्याग्रह हाच शब्द वापरला. त्या एकमेकींच्या दारात बसल्या नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्या चळवळीला या स्त्रीप्रतिमेचा अंदाज कधी आला नाही का? १९९४ मध्ये सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांना एकाच वर्षी ते दोन मुकुट मिळाले, १९९६ मध्ये बंगलोरला जगत्सुंदरी स्पर्धा झाली, तेव्हा निदर्शने झाली, लेख आले, आपल्यासारख्या मासिकांचे अंक निघाले. ते बरोबरच होते. पण त्या मुकुटाकडे सगळ्यांचे लक्ष असताना गटाच्या वहीत दुसरी एक आदर्श स्त्री तयार होत होती, काटकसरी, हसतमुख, कधीही तक्रार न करणारी, आणि तिच्याविरुद्ध निदर्शने करायचे कुणाला सुचले नाही. कारण ती आपल्याला आवडत होती. मला तर ती अजूनही आवडते, हे कबूल करते. पाचची गाडी पकडून बँकेचे काम करून, परत येऊन स्वयंपाक करून रात्री गटाची वही लिहिणाऱ्या बाईचे कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. तिची भाकरी कोण भाजते, हा प्रश्न कौतुकात राहून जातो.

‘लाडकी बहीण’बद्दल लिहिले नाही तर वाचक विचारतील. जून २०२४ मध्ये घोषणा झाली, ऑगस्टपासून पात्र बाईच्या खात्यावर महिना १,५०० रुपये येऊ लागले, नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या नावावर पैसे पाहिले नव्हते, त्या बायकांनी त्या पैशांतून चष्मे केले, दात काढले, माहेरी जाऊन आल्या. त्याला नाक मुरडणाऱ्या शहरी लेखांशी मी सहमत नाही. माझी अडचण नावाशी आहे. रोजगार हमीवरची बाई मजूर होती, कायद्याने काम मागणारी. गटातली बाई उद्योजिका झाली. आता ती बहीण आहे. बहिणीला ओवाळणी मिळते. किती आणि कोवर, हे भावाने ठरवायचे. आणि आमच्या गावांत तर असे झाले की, पैसे जमा झाल्याची बातमी बाईच्या आधी हप्तेवाल्याला असायची. भावाने दिले, साहेबाने नेले.

बैठकीत माझे हे सगळे बोलणे ऐकून आमच्यातल्या एक ज्येष्ठ ताई शांतपणे म्हणाल्या, “उंटावरून शेळ्या हाकू नकोस. कंपन्या गेल्या तर सावकार आहेच. महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ.” याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. पाच कार्डांवाल्या बाईनेही तेच सांगितले होते: “ताई, लोन बंद करू नका. फकस्त दारात बसनं बंद करा.” इला भट्टांच्या सेवाने १९७४ मध्ये स्वतःची बँक काढली, प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये मुंबईत खानावळवाल्या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. बाईला कर्ज मिळावे ही मागणी मुळात आपलीच होती. पण त्या दोन्ही ठिकाणी बाई आधी कामगार म्हणून संघटित झाली आणि मग कर्जाला लागली. तिच्याजवळ धंदा होता, त्या धंद्यातल्या सोबतिणी होत्या. आम्ही क्रम उलटा केला. गट आधी बांधला, त्याला कर्ज जोडले, आणि काम कुठले ते कागदावर लिहून टाकले.

मतदान झाले. नऊ जणी जाहिरातीच्या विरोधात, सहा बाजूने. मलपृष्ठावर या वेळी नेहमीप्रमाणे वर्गणीचे आवाहन आहे; थकलेल्या वर्गण्या पाठवाल तर भाड्याचे पाहता येईल. सहा जणींपैकी दोघी अजून माझ्याशी तुटक बोलतात. शिबिरे आम्ही घेणारच आहोत, आमच्या पद्धतीने आणि आमच्या खर्चाने, म्हणजे सध्या तीसऐवजी चार गावांत. पहिले झाले. बायकांना सांगितले होते की घरातली सगळी कार्डे घेऊन या. तेवीस जणी आल्या. दोघी-तिघींनी कार्डे नवऱ्याने लपवून ठेवली म्हणून तोंडी आकडे सांगितले. कार्डामागे आम्ही तीनच गोष्टी लिहिल्या: पैसे कुणी खर्च केले, कशावर, आणि हप्ता कुणाच्या मजुरीतून जातो. सत्तावन्न कार्डे झाली. चाळीसच्या वर कार्डांवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर एक होते आणि तिसऱ्याचे दुसरे.

पाच कार्डांवाली बाई पुढच्या रांगेत होती. तिची पाने लिहून झाल्यावर तिने वही स्वतःकडे ओढून घेतली, बोट ठेवत ठेवत खाली उतरली आणि विचारले, “ताई, यात मपलं किती?” पाचवे कार्ड, बचत गटाचे, दहा हजारांचे. त्यातून तिने दोन शेळ्या घेतल्या होत्या. एक मेली, एक गाभण आहे. मी त्या ओळीखाली रेघ मारली. तिने तो कागद घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि विचारले, पुढची बैठक कधी. सोमवारी ठेवू म्हटले तर म्हणाली, “सोमवारी नगं, हप्ता हाय. मंगळवारी ठिवा. दारात बसनाऱ्या त्या दोघींनाबी घिऊन येते.”